पुण्याची शेगडी, नागपूरचा सिलिंडर: गॅस पंचवीस दिवसांत का संपतो?

प्रश्न थोडक्यात असा. घरात चौघे. पुण्यात पाइपचा गॅस होता आणि दोन महिन्यांचे बिल साधारण १८ युनिटचे यायचे. दिवाळीनंतर नागपुरात बेसा भागात राहायला आले. शेगडी जुनीच, पुण्याहून आणलेली. ती इथल्या एका मिस्त्रीने सिलिंडरला जोडून दिली. आच उंच येते आणि टोकाला पिवळी असते. आंघोळीसाठी नवीन गॅस गिझर लावला, पुण्यात सोलरचे गरम पाणी होते. इमारतीला बोअरचे पाणी आहे. सिलिंडर २५ दिवसांत संपतो. एजन्सीकडून कमी गॅस येतो का?

कमी भरलेल्या सिलिंडरचा संशय सगळ्यांच्या मनात आधी येतो. तो पाच मिनिटांत वजन करून फिटतो, त्याचे पुढे सांगतो. पण तुम्ही लिहिलेल्या माहितीत त्याहून मोठी दोन कारणे उघड दिसत आहेत: गिझर आणि शेगडीचे जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा). जेट तपासून होईपर्यंत, पिवळी आच येणारा बर्नर आजपासून बंद ठेवा, खाली सांगितलेल्या चाचण्यांपुरताच खिडकी उघडून पेटवा. त्यात पैसा जातोच, शिवाय अर्धवट जळलेल्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो.

आधी हिशेब मांडू, कारण नेमका किती गॅस जास्त जातो हे कळल्याशिवाय कारण शोधणे म्हणजे अंधारात चाचपडणे. पाइपगॅसचा एक युनिट म्हणजे एक घनमीटर. त्यात जेवढी उष्णता असते, तेवढी साधारण ८०० ग्रॅम एलपीजीतून मिळते. तुमचे महिन्याला ९ युनिट म्हणजे ७.२ किलो एलपीजी. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. स्वयंपाक तेवढाच असेल तर सिलिंडर ५९ दिवस पुरायला हवा. तो २५ दिवसांत संपतो, म्हणजे महिन्याला १७ किलो जातो. जास्तीचे पावणेदहा किलो कुठे जातात, एवढाच प्रश्न आहे.

यातला मोठा वाटा गिझरचा आहे, आणि तो दोष नाही, वापर आहे. डिसेंबर-जानेवारीत नागपुरात गच्चीवरच्या टाकीतले पाणी सकाळी १६-१८ अंशांवर असते. २० लिटरची बादली १८ वरून ४२ अंशांवर न्यायला ४८० किलोकॅलरी लागतात. एक किलो एलपीजीतून सुमारे ११,००० किलोकॅलरी मिळतात आणि गिझर त्यातल्या ८० टक्के पाण्यापर्यंत पोहोचवतो असे धरले, तर बादलीमागे ५५ ग्रॅम गॅस. चार आंघोळींचे दिवसाला २२० ग्रॅम, महिन्याला ६.६ किलो. हे बादलीचे झाले. शॉवर घेत असाल तर मिनिटाला ६ लिटरचा गिझर दहा मिनिटांत ६० लिटर पाणी देतो, म्हणजे एका आंघोळीला १६० ग्रॅमच्या आसपास. घरात एकाने जरी रोज पंधरा मिनिटे शॉवर घेतला, तरी सिलिंडरचे दिवस झपाट्याने उतरतात.

गिझरमध्ये विनाकारण जाणारा गॅस तीन ठिकाणी असतो. पहिले, गिझर आणि नळ यांच्यातली पाइपलाइन. अर्ध्या इंची १० मीटर पाइपात दीड-दोन लिटर पाणी मावते. प्रत्येकाची आंघोळ झाली की तेवढे गरम पाणी पाइपात थंड होऊन वाया जाते. चौघांनी एकापाठोपाठ आंघोळ उरकली तर हे नुकसान एकदाच होते. दुसरे, हात धुण्यासाठी गरम पाण्याचा नळ उघडण्याची सवय. गरम पाणी हातापर्यंत पोहोचण्याआधीच नळ बंद होतो, पण बर्नर तेवढा वेळ पूर्ण जोरात पेटलेला असतो. तिसरे, बोअरच्या जड पाण्याचा क्षार. तो तांब्याच्या कॉइलमध्ये आतून बसतो आणि उष्णता पाण्याकडे जाऊ देत नाही. नवीन गिझरमध्ये हे एवढ्यात होणार नाही. पण बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गिझरची कॉइल वर्षातून एकदा साफ करून घ्यावी. हिवाळ्याचा नॉब मार्चमध्ये उन्हाळ्याच्या खुणेवर आणायचे बरेच जण विसरतात, तेही बघा.

गिझर बाथरूमच्या आत असेल तर तो आधी बाहेर काढा, खुल्या बाल्कनीत किंवा डक्टच्या बाजूला. थंडीत खिडकी लावून घेतली जाते आणि बंद बाथरूममधला गॅस गिझर जीव घेऊ शकतो. इथे गॅस वाचवण्याचा विचार नंतर.

गिझरचे ६.६ किलो वजा केले की सव्वातीन किलो उरतात. ते कुठे गेले हे शोधण्यासाठी शेगडीकडे या.

पुण्याची शेगडी पाइपगॅससाठी होती. पाइपमधला नैसर्गिक वायू घरात २१ मिलिबारच्या दाबाने येतो. सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून एलपीजी ३० मिलिबारच्या आसपास बाहेर पडतो. शिवाय एक लिटर एलपीजी वायूत नैसर्गिक वायूच्या अडीच-पावणेतीनपट उष्णता असते. म्हणून पाइपगॅसच्या शेगडीचे जेट मोठ्या भोकाचे असते आणि सिलिंडरच्या शेगडीचे बारीक. जेट म्हणजे नॉबच्या मागे, मिक्सिंग ट्यूबच्या (गॅसमध्ये हवा मिसळणाऱ्या नळीच्या) तोंडाशी बसणारा पितळी तुकडा. त्याच्या मधोमध डोळ्याला जेमतेम दिसेल एवढे भोक असते. शेगडी पाइपवरून सिलिंडरवर आणताना प्रत्येक बर्नरचे जेट बदलावेच लागते, नुसती नळी बदलून भागत नाही. जेट तसेच राहिले तर बर्नरला गरजेच्या जवळजवळ दुप्पट गॅस मिळतो. त्याला पुरेशी हवा मिळत नाही, आच पिवळी होते, भांड्याच्या कडेने वर चढते आणि बुडाला काजळी धरते. तुम्ही लिहिलेले लक्षण नेमके हेच आहे. काही मिस्त्री छोट्या बर्नरचे जेट बदलतात आणि मोठ्याचे तसेच सोडतात. म्हणून दोन्ही बर्नर वेगवेगळे बघा.

बघायचे कसे? रात्री स्वयंपाकघरातला दिवा मालवा, पंखा बंद करा आणि बर्नर पूर्ण उघडा. चांगली आच निळी असते. प्रत्येक भोकावर आत एक लहान, ठळक, फिकट निळा शंकू दिसतो आणि आवाज अगदी हलका असतो. मग बर्नरवर रोजचा गंज (पातेले) ठेवा. आच गंजाच्या बुडाखालीच राहिली पाहिजे. कडेबाहेर निघालेली आच घरातली हवा तापवते, वरण नाही. पाच मिनिटांनी गंज उतरवा, निवू द्या आणि बुडावरून बोट फिरवा. बोट काळे झाले तर गॅस पुरता जळत नाही. एखाद-दुसऱ्या भोकावरचीच आच पिवळी असेल तर बर्नरची भोके खरकट्याने भरली आहेत. सगळीकडे सारखीच पिवळी असेल तर जेट किंवा हवेची वाट, दोन्हींपैकी एक बिघडले आहे. शेगडी बरेच दिवस सामानात बांधून पडली असेल, तर मिक्सिंग ट्यूबमध्ये कोळ्याचे जाळेसुद्धा असू शकते. त्यानेही आच पिवळी होते.

आता आकड्यात पडताळा. दोन लिटर पाणी सपाट बुडाच्या गंजात, झाकण ठेवून, मोठ्या बर्नरवर खळखळ उकळेपर्यंत तापवा. २० अंशांपासून उकळीपर्यंत १६० किलोकॅलरी लागतात. शेगडीची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर २२ ग्रॅम गॅस. असे तीनदा करा, दर वेळी ताजे पाणी घेऊन, आणि आधी-नंतर सिलिंडरचे वजन घ्या. ६५-७० ग्रॅम गेले तर शेगडी ठीक. १०० च्या वर गेले तर शेगडीत खोट आहे. घरगुती एलपीजी शेगडीच्या भारतीय मानकात, आयएस ४२४६ मध्ये, प्रयोगशाळेतली कार्यक्षमता किमान ६८ टक्के सांगितली आहे. घरातली ६५ टक्के कार्यक्षमता ४५ टक्क्यांवर घसरली तर ७.२ किलोचे काम १०.४ किलोत होते. फरक ३.२ किलो. तुमच्या हिशेबात उरलेले सव्वातीन किलो आठवा. म्हणून माझा पहिला संशय जेटवर आहे.

जेट बदलायचे काम एजन्सीच्या मेकॅनिककडूनच करून घ्या आणि आपल्या शेगडीच्या कंपनीचेच एलपीजी जेट मागा. कोणालाही जेटमध्ये सुई, पिन किंवा तार घालू देऊ नका. "आच वाढवून देतो" म्हणत पिन फिरवणारे खूप आहेत. पितळ मऊ असते, भोक लगेच मोठे होते. ०.७० मिलिमीटरचे भोक ०.८० झाले, तर वाढ दिसायला मिलिमीटरच्या दहाव्या भागाची, पण क्षेत्रफळ ३० टक्क्यांनी वाढते आणि तेवढाच गॅस जास्त जातो. जेट तुंबले तर काढून साबणाच्या गरम पाण्यात भिजवावे, उलट बाजूने फुंकावे. तरीही सुटले नाही तर नवीन घ्यावे, ते फार महाग नसते.

वजनाचा काटा कोणता, असे विचाराल. बाथरूमचा वजनकाटा उपयोगाचा नाही, त्यात १०० ग्रॅमचे पाऊल असते. पार्सल तोलायचा ४०-५० किलोचा, १० ग्रॅम दाखवणारा सपाट डिजिटल काटा घ्या किंवा ओळखीच्या दुकानातून दोन दिवसांसाठी आणा. रेग्युलेटर बंद करून काढा, सेफ्टी कॅप लावा, सिलिंडर उभाच ठेवून काट्यावर ठेवा. दर वेळी याच अवस्थेत तोला, नाहीतर नळीचा ताण आकडा बदलतो.

गळतीचा भाग वेगळा आणि त्यात घाई करायची नाही. कपभर पाण्यात चमचाभर भांडी घासायचे लिक्विड मिसळा. सगळे बर्नर बंद, रेग्युलेटर चालू. जुन्या मऊ ब्रशने रेग्युलेटरच्या बुडाशी, नळीच्या दोन्ही टोकांना, शेगडीच्या मागच्या नोझलला, प्रत्येक नॉबच्या दांड्याभोवती आणि गिझरकडे जाणाऱ्या सांध्यावर लावा. ब्रशने उठलेला फेस बसून जातो. गळती असेल तिथे मात्र एकाच बिंदूतून बुडबुडा फुगतो, फुटतो आणि पुन्हा तिथूनच फुगतो. सावकाश, पण थांबत नाही. असा एक बुडबुडा दिसला की रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेचे बटण दाबायचे नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि ओट्याखाली साचतो, म्हणून वास खाली वाकूनच लवकर येतो. काडी पेटवून गळती शोधणे कधीही, कोणत्याही कारणाने करू नये. गळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

साबणात काही दिसले नाही, तर दुपारी घरात कोणी जागे असताना चार तासांची चाचणी करा. सिलिंडर तोला, रेग्युलेटर लावून चालू ठेवा, बर्नर आणि गिझर बंद. चार तासांनी पुन्हा तोला. २० ग्रॅम कमी झाले तर तासाला ५ ग्रॅम, म्हणजे महिन्याला ३.६ किलो. काटा हलला नाही तर गळतीचा विषय संपला. नळी केशरी सुरक्षा होज असेल तर पाच वर्षांत बदलायची, आणि तिची लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नसावी. नॉब फिरवताना कडक लागत असेल तर आतले ग्रीस वाळले आहे. पुढे तिथूनच गॅस झिरपतो.

आता बोअरचे पाणी. बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वरकडच्या अनेक लेआउटमध्ये बोअर किंवा टँकर हाच आधार असतो. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींमधल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतात, म्हणून तुरीची डाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी शिजत नाही. पुण्यात तीन शिट्ट्यांत होणारे वरण इथे सहा-सात शिट्ट्या मागते, आणि बाई म्हणते डाळच खराब आहे. डाळ, चणे, वटाणे यांच्यापुरते पिण्याचे पाणी वापरा. तूरडाळ अर्धा-पाऊण तास, चणे रात्रभर भिजवा. कुकरला पहिली शिट्टी आली की आच एकदम बारीक करा. आत दाब तयार झाल्यावर तो टिकवायला थोडीच आच लागते. नुसत्या शिट्ट्या वाजवत राहणे म्हणजे वाफ बाहेर सोडणे. झाकणाच्या कडेने फुसफुस होत असेल तर रबरी रिंग ताठ झाली आहे, बदला.

एक गोष्ट तुम्हाला एप्रिलमध्ये भेटेल, म्हणून आताच सांगतो. नागपुरात उन्हाळाभर कूलर चालतो आणि हॉलमधल्या कूलरची हवा बहुतेक घरांत स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पडते. ती थेट ओट्यावरून जाते. आच एका बाजूला झोपते, तव्याची अर्धी बाजू थंड राहते, पोळ्यांना वेळ लागतो आणि मग नॉब आणखी उघडला जातो. स्वयंपाकाच्या वेळी कूलरच्या पट्ट्या वळवा किंवा दारात पडदा सोडा. बर्नरला पत्र्याने चारही बाजूंनी झाकू नका, त्याला हवा लागते. उन्हाळ्यात सिलिंडर तापून जास्त गॅस जातो, असेही ऐकाल. सिलिंडरमधला दाब वाढतो हे खरे, पण रेग्युलेटर बाहेरचा दाब तेवढाच ठेवतो. त्याने खर्च वाढत नाही.

थंडीतली गोष्ट मात्र खरी आहे. पहाटे गिझर एका दमात खूप गॅस ओढतो. सिलिंडरमधला द्रव गॅस वायू होताना स्वतःची उष्णता घालवतो, सिलिंडर गार पडतो, खालच्या भागावर ओल धरते आणि दाब उतरतो. गिझर पेटेनासा होतो, घरचे म्हणतात सिलिंडर संपला, आणि पाऊण-एक किलो गॅस आत असताना तो परत जातो. असा सिलिंडर शेगडीला लावून बघा, पुष्कळदा दोन-चार दिवस चालतो. आडवा पाडू नका, गरम पाण्याच्या टबात ठेवू नका. द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये शिरला तर भडका उडतो.

राहिला तुमचा मूळ संशय. सिलिंडरच्या वरच्या कड्याला जोडलेल्या पट्ट्यांपैकी एकीवर रिकामे वजन कोरलेले असते, उदाहरणार्थ १५.९ किलो. त्यात १४.२ मिळवा, ३०.१ व्हायला हवे. १५० ग्रॅमच्या आतला फरक चालतो. घरी आणून देणाऱ्याने काटा सोबत बाळगायचा असतो, आणि सील तोडण्याआधी वजन मागणे हा तुमचा हक्क आहे. कमी भरले तर घेऊ नका, पावतीवर वजन लिहून घ्या आणि एजन्सीकडे तक्रार नोंदवा. दाद लागली नाही तर वजन-मापे तपासणारा सरकारी वैधमापन शास्त्र विभाग आहे. सील तोडल्यानंतर मात्र काहीही सिद्ध करता येत नाही. संपलेला सिलिंडरही एकदा तोला: कोरलेल्या वजनापेक्षा २००-३०० ग्रॅम जास्त निघाला तर तो पुरता संपलेलाच नव्हता. त्याच वेळी कंपनीच्या ॲपवर मागच्या सहा महिन्यांच्या बुकिंगची यादी उघडून तारखा जुळवा. तुम्ही न घेतलेले रिफिल तुमच्या नावावर दिसले, तर पोचवणाऱ्याला कोड कोणी दिला ते आधी घरात विचारा.

कामाचा क्रम असा ठेवा: आज साबणाची चाचणी, उद्या उकळीची, मग मेकॅनिक आणि जेट. जेट बदलल्यावर उकळीची चाचणी त्याच गंजात, तेवढ्याच पाण्यात पुन्हा करा. त्यानंतर एक आठवडा रोज रात्री सिलिंडर तोलून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत आकडा लिहा. गिझर धरून दिवसाला ४५०-४७० ग्रॅम आले, तर तुमच्या चौघांचा हिवाळ्यातला खरा खर्च तोच, म्हणजे ३०-३१ दिवसांचा सिलिंडर. गिझरची गरज संपली की रोजचा खर्च २४० ग्रॅमवर यायला हवा. मार्च संपल्यावरही ४०० च्या खाली उतरला नाही, तर रोजचे सात आकडे, उकळीच्या चाचणीचे ग्रॅम आणि शेगडीवरच्या पट्टीचा फोटो पाठवा.